आधी भराव, मग रूळ

लातूरची छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिचा पहिला तुकडा, बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ साली सुरू झाला. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. ही रेल्वे मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, जशीच्या तशी घरात मांडायची म्हटली तर पावणेचार किलोमीटर रूळ अंथरावे लागतील. एवढी जागा कुणाकडेच नसते. म्हणून लेआउट करणारा आधी निवड करतो: मुरुड किंवा हरंगुळसारखं एखादं स्टेशन, रामलिंगचा चढ, लातूरच्या यार्डाचा एक कोपरा. निवड झाली की मन लगेच इंजिनाकडे आणि डब्यांकडे धावतं. पैसेही तिकडेच जातात.

गाडी नीट चालणार की वळणावर पडणार, हे मात्र खाली ठरतं. टेबलाचा सांगाडा, त्यावरची पट्टी, पट्टीवरची गादी आणि मग रूळ, असा हा क्रम आहे. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी एकदा देखावा चढला की दिसेनाशा होतात. म्हणूनच त्या घाईत उरकल्या जातात, आणि वर्षभराने सगळं उचकटावं लागतं ते त्यांच्यामुळेच.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. काळ्या रानात घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हे इथला कुठलाही गवंडी सांगतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून लांब जातात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. वर भिंत असो की रेल्वेचा रूळ, मातीला फरक पडत नाही. काळ्या मातीवर नुसती खडी टाकली तर पावसाळ्यात गाडीच्या दणक्यांनी खालचा चिखल खडीतून वर येतो, खडी घट्ट होते, पाणी निचरत नाही आणि रूळ बसतो. म्हणून रेल्वेचे इंजिनिअर मातीच्या भरावावर आधी मुरमासारख्या दाणेदार मालाचा जाड थर देतात आणि मग त्यावर खडी टाकतात. या थराला ते ब्लँकेट म्हणतात. ब्रॉडगेजला स्लीपरखाली साधारण ३०० मिलीमीटर खडी असते. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, ब्लँकेट, भराव आणि शेवटी मूळ जमीन. प्रत्येक थराचं काम एकच: वरून आलेला भार खालच्या थराला सोसेल एवढा पसरवून देणं.

बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. जमीन भक्कम करण्यात पैसा घालण्याऐवजी त्याने भार हलका केला. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे त्याला यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ पुरले. आज लातूरवरून जाणाऱ्या ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोचे रूळ बसवतात, त्याच्या हा चौथा हिस्सा. लीड्सच्या किटसन कंपनीने या रेल्वेसाठी केलेल्या पहिल्या टाकीवाल्या इंजिनांना आठ जोडचाकं आणि मागे आणखी चार चाकं होती, तीही वजन वाटून देण्यासाठीच. हे सगळं सामान भारतात पाठवण्याआधी कॅल्थ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून त्यावर ते लोकांना चालवून दाखवलं होतं. लेआउट करणाऱ्याने हा माणूस जरूर ध्यानात ठेवावा. रुळाखाली काय आहे आणि रुळावर काय आहे, याचा एकत्र विचार त्याने केला होता.

आता मापांकडे येऊ, कारण सांगाड्याची सगळी गणितं मापावरच उभी राहतात.

बार्शी लाइटचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. १:८७ मध्ये तो पावणेनऊ मिलीमीटर येतो. बाजारात नऊ मिलीमीटरचा रूळ सहज मिळतो; पेकोसारखी इंग्लिश कंपनी खास नॅरोगेजसाठी मोठ्या अंतरावर स्लीपर असलेला नऊ मिलीमीटरचा लवचीक रूळही करते. फरक पाव मिलीमीटरचा. म्हणजे लातूरची छोटी गाडी तयार रुळावर जवळजवळ बिनचूक बसते. नांदेडचंही बरंच जमतं. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारा निजामाच्या राज्यातला मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि पुढची नव्वदेक वर्षं तो मीटरगेजच होता. एक मीटरचे १:८७ मध्ये साडेअकरा मिलीमीटर होतात आणि स्विस मीटरगेजसाठी बनवलेला १२ मिलीमीटरचा रूळ मिळतो. अडचण येते ती आजच्या ब्रॉडगेजची. १६७६ मिलीमीटरचे १:८७ मध्ये १९ मिलीमीटरच्या वर होतात, आणि एचओचा रूळ १६.५ मिलीमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलीमीटर गेजसाठी केलेला आहे. त्यावर भारतीय ब्रॉडगेजचे डबे ठेवले की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. बहुतेक लोक हे सोसतात. माझा कौल मात्र मराठवाड्यात पहिलं लेआउट करणाऱ्याने छोटी गाडी किंवा मीटरगेज निवडावं याला आहे: मापही बरोबर, वळणंही घट्ट घेता येतात आणि गाड्याही आखूड. बार्शीचा चाळीस फुटी डबा १:८७ मध्ये फक्त १४० मिलीमीटरचा होतो.

दुसरं माप त्याहून महत्त्वाचं आहे. भारतीय रेल्वेच्या नव्या चाकाची आतली कड, जी चाकाला रुळावर धरून ठेवते, ती २८.५ मिलीमीटर उंच असते. १:८७ मध्ये तिचा एक तृतीयांश मिलीमीटर होईल. एवढीशी कड चालणार नाही म्हणून मॉडेलांच्या चाकांना ती जवळजवळ दुप्पट, सुमारे ०.६४ मिलीमीटर देतात. तरीही ती पाऊण मिलीमीटरच्या आतच राहते. म्हणजे दोन रुळांच्या सांध्यात एक बाजू अर्धा मिलीमीटर वर राहिली, किंवा टेबल एका कोपऱ्यात मुरगळलं, की चाक कडेवर चढतं आणि डबा खाली येतो. टेबल एखादा मिलीमीटर वाकलं तर काय बिघडलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तो एक मिलीमीटर चाकाच्या कडेपेक्षा मोठा असतो.

पुष्कळ जण सुरुवात करतात ती आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या अख्ख्या शीटने. चार पाय लावले की टेबल तयार. मला हा मार्ग पटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत हे शीट ठेवलं तर भोवती माणसाला जेमतेम उभं राहायला जागा उरते. ते भिंतीला लावावं तर पलीकडची कड हाताला येत नाही, कारण उभ्याने वाकून काम करताना हात साठ-सत्तर सेंटीमीटरपर्यंतच नेमका चालतो. तिसरी गोष्ट रामलिंगच्या घाटाने शिकवावी. बार्शीकडून येडशीला चढताना ही गाडी बालाघाटाच्या कडेने जायची. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. सपाट शीटवर सगळं काही रुळाच्या वरच उभं राहतं. ओढा, मोरी, दरी, भरावाचा उतार यांना जागाच उरत नाही. खरी जमीन रुळाच्या खालीही जाते. म्हणून सांगाडा उघडा हवा, म्हणजे नुसत्या पट्ट्यांचा, ज्यावर फक्त रुळापुरतं प्लाय असेल आणि बाकीची जागा रिकामी.

भिंतीच्या कडेने अर्धा मीटर रुंदीची पट्टी खोलीभर फिरवावी, दारापाशी उचलता येणारा छोटा पूल ठेवावा आणि मधली जागा माणसासाठी सोडावी. रुळाची उंची जमिनीपासून ११०० ते १२०० मिलीमीटर. एवढ्या उंचीवर उभ्या माणसाला गाडी वरून न दिसता बाजूने दिसते, आणि खाली वायरिंग करायला बसताही येतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे; तेही एचओ मापाचं. तिथे जाल तेव्हा दिव्यांच्या झगमगाटाबरोबर रूळ पुलावर चढतो ती जागा आणि वळण सुरू होतं ती जागा जवळून पाहा. गाडी तिथून किती शांत जाते यावरून खालचं काम कळतं.

उघड्या सांगाड्याची सगळ्यात उपयोगी रीत अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. एक उभी पट्टी आणि तिच्या वरच्या कडेला एक आडवी पट्टी, दोन्ही गोंद आणि स्क्रूने जोडलेल्या, म्हणजे इंग्रजी 'एल' अक्षरासारखी तुळई. अशा दोन तुळया समांतर ठेवायच्या आणि त्यांच्यावर आडवे दांडे टाकायचे. यातली खुबी स्क्रूत आहे. दांड्याचा स्क्रू वरून न मारता, तुळईच्या आडव्या पट्टीतून खालून वर मारायचा. वर प्लाय, रूळ, डोंगर सगळं झाल्यावरही खालून स्क्रू काढून दांडा इकडेतिकडे सरकवता येतो. गाडीला रूळ बदलायला लावणारा सांधा हलवायचा असो की त्याची मोटर बसवायची असो, वरचं काही तोडावं लागत नाही. आणि सगळे दांडे अचूक काटकोनात कापायचीही गरज राहत नाही. सुताराच्या मोठ्या कामाचा अनुभव नसलेल्या माणसालाही हे जमतं.

पाय कुठे लावायचे? तुळईच्या अगदी टोकाला नाही. लांबीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके आत. तीन मीटरच्या तुळईला दोन्ही टोकांपासून साठ सेंटीमीटर आत पाय लावले की बाहेर लोंबणारी टोकं मधला झोल आवरतात. आधारांमधल्या अंतराचं गणितही इथेच सांगतो, कारण ते ऐकून लोक चकित होतात. पट्टी स्वतःच्या वजनाने किती वाकते, ते अंतराच्या चौथ्या घातावर ठरतं. अंतर तिप्पट केलं की वाकणं ८१ पट. बारा मिलीमीटरचं प्लाय १.२ मीटर अंतरावर टेकवलं तर मधोमध दोन-अडीच मिलीमीटर सहज खाली येतं. तेच चाळीस सेंटीमीटरवर टेकवलं तर वाकणं मोजणंही अवघड. म्हणून दर चाळीस सेंटीमीटरला आधार, हा आकडा घट्ट धरून ठेवावा. जाड प्लाय घेऊन आधार कमी करण्याचा मोह होतो. तो खर्चालाही वाईट आणि वजनालाही.

लाकूड कोणतं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. अमेरिकन पुस्तकं पाइनच्या पट्ट्या सांगतात. आपल्याकडे पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन वखारीत मिळतं, पण ते पुरतं वाळलेलं असेलच याची खात्री नसते. मे महिन्यात नांदेडची हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये तीच हवा ओलसर. या बदलात अस्सल सागाची फळीसुद्धा रुंदीत शंभर मिलीमीटरला जवळपास एक मिलीमीटर हलते, कच्चं लाकूड त्याहून जास्त, आणि ते नुसतं हलत नाही, पिळवटतं. लांबीत मात्र लाकूड फार कमी हलतं. म्हणून फळ्या रुंद न घेता अरुंद पट्ट्या उभ्या वापराव्यात, आणि जिथे रूळ येणार तिथे प्लायच. प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो या बाबतीत निश्चल राहतो. साधा कमर्शियल प्लाय चालेल, पण खोलीत ओल असेल तर पाण्याला टिकणारा घ्यावा. एमडीएफ सपाट आणि स्वस्त असतो, तरी पाणी लागलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. पुढे खडीवर गोंदाचं पाणी शिंपडायचंच असतं, तेव्हा तो रुळाखाली नकोच.

दोन पर्याय इथे पुस्तकांपेक्षा चांगले मिळतात. पहिला, जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघालेलं सागवान. पन्नास-साठ वर्षं तुळई म्हणून छपराखाली राहिलेलं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, ते कच्च्या लाकडासारखं पिळवटत नाही. करवतीत घालण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा; आत मोडलेले खिळे असतात आणि पात्याचे दात जातात. दुसरा पर्याय लोखंडी स्क्वेअर पाइपचा. लातूर काय, उदगीर काय, देगलूर काय, खिडक्या-ग्रिल करणारं वेल्डिंगचं दुकान कुठेही सापडतं, आणि २५ बाय २५ मिलीमीटरच्या पाइपची चौकट तो कारागीर तुमच्या मापाने करून देतो. पाय आणि मुख्य चौकट लोखंडाची, वरचे दांडे लाकडाचे, ही जोडी मला सगळ्यात आवडते: खालचा भाग वाळवीला दाद देत नाही, वरच्या भागात हवा तिथे स्क्रू मारता येतो. वेल्डिंग करताना चौकट पिळवटते, म्हणून चारही कोपरे आधी नुसते टाके मारून घ्यायला सांगा, दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड. प्रत्येक पायाच्या खाली नट वेल्ड करून त्यात बोल्ट बसवा. फरशी कधीच सपाट नसते; बोल्ट फिरवून लेव्हल साधता येते. लोखंडी चौकटीला अर्थिंग द्या आणि विजेचे ट्रान्सफॉर्मर तिच्यावर ठेवू नका.

लेव्हल बघायला गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या. बुडबुड्याची लेव्हल तिच्या स्वतःच्या लांबीपुरतीच खरी असते. पारदर्शक नळीतलं पाणी मात्र खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एकाच पातळीला उभं राहतं, दार मधे असलं तरी. नळीत हवेचा फुगा राहिलेला नाही ना, एवढं पाहायचं.

चौकट एकाच तुकड्यात करू नये. बदली होते, घर बदलतं, आणि सव्वा मीटरपेक्षा लांब भाग जिन्याच्या वळणावरून उतरत नाही. जोडणीला बोल्ट आणि जाड वायसर, आणि दोन भाग पुन्हा जोडताना रूळ रुळासमोरच येईल यासाठी दोन पितळी किंवा लोखंडी खिट्ट्या.

किती लांबीचं यार्ड लागेल, ते गाडीवरून ठरवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी घेऊन आलेली जलदूत अनेकांना करायची इच्छा असते, आणि ती करण्यासारखीच गाडी आहे. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली; दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. त्या टाक्या आधी कोट्याच्या वर्कशॉपात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. साधारण साडेबारा मीटरची टाकी १:८७ मध्ये १४४ मिलीमीटर होते. दहा टाक्या आणि एक इंजिन धरलं तर पावणेदोन मीटर. तेवढा सरळ आणि पूर्ण सपाट रूळ हवा, कारण चढावर सोडलेले डबे आपोआप घरंगळतात. नंतर आलेल्या पन्नास टाक्यांच्या गाडीला सात मीटरच्या पुढे रूळ लागेल. तो मोह आवरावा.

आता चौकटीवरच्या पट्टीकडे. प्लायवर रुळाची मध्यरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतर सोडून जिगसॉने कापायचं आणि कापलेली पट्टी उचलून उभ्या आधारांवर बसवायची. पट्टी किती रुंद? ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा ७.८५ मीटर असतो, म्हणजे १:८७ मध्ये ९० मिलीमीटर. छोट्या गाडीला त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त पुरे. भरावाचा उतार एकाला दोन, म्हणजे एक मीटर खाली जायला दोन मीटर बाहेर. तीन मीटर उंच भरावाचा पायथा या हिशेबाने २० मीटर होतो, मॉडेलमध्ये २३० मिलीमीटर. अर्ध्या मीटरच्या टेबलाचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या भरावाने खाल्ला. म्हणून उंच भराव एखाद्याच ठिकाणी घ्या आणि तो नीट दाखवा. नाहीतर उतार इतके उभे करावे लागतात की पाहणाऱ्याला कळत नसलं तरी खुपतं.

चढ एकाला पन्नासपेक्षा जास्त देऊ नये. दर चाळीस सेंटीमीटरला आधार असेल तर प्रत्येक पुढचा आधार आठ मिलीमीटरने उंच. पहिला मात्र चारच मिलीमीटरने, आणि शेवटचाही तसाच. सपाट रूळ एकदम चढावर मोडला तर इंजिनाची मधली चाकं हवेत राहतात. सलग कापलेल्या प्लायचा मोठा गुण इथे दिसतो: दोन आधारांमध्ये तो आपोआप गोलाई घेतो, तुकडे जोडून केलेली पट्टी ती घेत नाही. एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा असेल तर ७५ मिलीमीटर उंची लागते, आणि या चढाने ती गाठायला चार मीटरच्या आसपास रूळ खर्ची पडतो. छोट्या खोलीत हे गणित कागदावर आधी करावं.

प्लायवर थेट रूळ ठोकला तर गाडी चालते, पण सगळं टेबल ढोलासारखं वाजतं. मधली गादी तीन कामं करते: प्लायचे बारीक उंचवटे झाकते, आवाज शोषते, आणि खडीच्या ढिगाला त्याचा उतरता खांदा देते. त्यासाठी कॉर्क सगळ्यात चांगला. ब्रॉडगेजला पाच मिलीमीटर, मीटरगेजला तीन, छोट्या गाडीला दोन. तिचा रूळ जमिनीला चिकटूनच गेलेला शोभतो. कॉर्कची पट्टी मध्यरेषेवर उभी चिरून दोन भाग करा. निम्म्या रुंदीची पट्टी वळणावर सहज वाकते, आणि दोन भाग शेजारी चिकटवले की मधला सांधा हीच रुळाची मध्यरेषा. बाहेरच्या कडा तिरक्या कापा. कॉर्क मिळाला नाही तर चपलांच्या तळव्यांसाठी मिळणारी दाट ईव्हीए शीट चालते, पण हातात दाबून पाहा: बोटाचा खळगा राहत असेल तर ती नको, इंजिनाखाली रूळ खाली-वर होईल. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा, वर रात्रभर वजन ठेवा, आणि वाळल्यावर सपाट लाकडाला गुंडाळलेला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. नंतर डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो.

उन्हाळ्याचा हिशेब रुळालाही द्यावा लागतो. मॉडेलचे रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात, आणि दहा मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलीमीटर वाढतो. खऱ्या रेल्वेत याच कारणाने भर उन्हात रूळ तपासत फिरणारी माणसं असतात. एका ९१४ मिलीमीटरच्या तुकड्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलीमीटर येतो. डिसेंबरात रूळ टाकत असाल तर प्रत्येक सांध्यात दोन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरून तेवढी फट सोडा. भर मे महिन्यात टाकत असाल तर फट जवळजवळ बंद ठेवली तरी चालते. वळणावरचे सांधे डाख देऊन पक्के करावेत, सरळ भागातले मोकळे राहू द्यावेत. आणि प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार. सांध्यातून वीज जाईल या भरवशावर राहू नये.

खडी टाकण्याची घाई अजिबात नको. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी उघड्या रुळावर चालवा. सगळ्यात लांब डबा ढकलत उलटा न्या, कारण ओढताना न दिसणारे दोष ढकलताना उघडे पडतात. जिथे अडखळेल तिथे कडेला खडूने खूण करा. सप्टेंबरमध्ये खुणा एकाच आधाराभोवती जमलेल्या दिसल्या तर रूळ सोडा आणि तो आधार तपासा.

खडी मराठवाड्यात विकत आणायची गरज नाही. खऱ्या रुळाखाली इथल्याच काळ्या पाषाणाची खडी असते आणि क्रशरची कच त्याच दगडाची. खरी खडी ६५ मिलीमीटरपासून २० मिलीमीटरपर्यंत; १:८७ मध्ये पाऊण मिलीमीटर ते पाव मिलीमीटर. चहाच्या गाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील, तेवढीच घ्या. धुऊन वाळवा आणि मग कागदावर पसरून त्यात चांगला चुंबक फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते चुंबकाला केसांसारखे चिकटून येतात. ते राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात आणि मोटर खातात. चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवा. शेतातली काळी माती मात्र खडीत मिसळू नका. गोंदाचं पाणी पडलं की ती आकसून भेगाळते.

खडी रुळात मऊ ब्रशने सरकवा, स्लीपरच्या वर एकही कण ठेवू नका. आधी पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून फवारा, म्हणजे पाणी मण्यांसारखं न थांबता आत जिरेल. मग पातळ केलेला गोंद ड्रॉपरने सोडा. नेहमीचा पांढरा गोंद वाळून दगडासारखा होतो आणि कॉर्कने शोषलेला आवाज पुन्हा प्लायपर्यंत पोचवतो, म्हणून मिळाल्यास रबरी लॅटेक्सचा पातळ गोंद वापरावा. सांध्यांच्या हलत्या पात्यांखाली गोंद जाऊ देऊ नका. चोवीस तासांनी बोटाने घासून पाहा. कण सुटत नसेल तर रुळाचा माथा पुसा आणि इंजिन चढवा.